खिसा हलका, जीभ बंद

चीन स्वस्तात फिरायचा तर भाषा कशाला हवी, असं पाठीवर बोचकं टाकून निघालेले वीर सांगतात. खरंच आहे. भाव बोटांवर ठरवता येतो. तिथे अंगठा आणि करंगळी वर केली की सहा होतात, अंगठा-तर्जनीचं पिस्तूल रोखलं की आठ. आपण घाबरून दहाही देतो. पण देणार कसे? नोट पाहून भाजीवाली आजी कौतुकाने हसते आणि क्यूआर कोड पुढे करते.

रेल्वेत बिनआसनाच्या तिकिटालाही हार्ड सीटचेच पैसे. रात्रभर उभं राहण्यात सवलत नाही. उकळतं पाणी तेवढं फुकट, त्यामुळे सगळ्या डब्याला पाकीटबंद नूडल्सचा वास. शाकाहाऱ्याने खुणेने ‘मटण नको’ म्हणावं, तर हिरव्या घेवड्यावर डुकराचा खिमा भुरभुरून येतो. (मटण कुठे घातलंय?)

मुक्कामाला स्वस्त लॉज गाठावं, तर मालक पासपोर्ट उलटसुलट पाहून हात हलवतो. परदेशी पाहुण्याची पोलिसांत नोंद करायची कटकट त्याला नको असते. मग समोरचं महागडं हॉटेल. तिथे मात्र इंग्रजी छान बोलतात.

जाणाऱ्यांनी निदान त्या क्यूआर कोडसाठी अलीपे या अ‍ॅपला कार्ड इथूनच जोडून न्यावं.