आधी बिट

दिल्ली, नोएडा, गुडगाव, कुठल्याही मराठी गणेश मंडळात जा, हे काका भेटतातच. नोकरी गाझियाबादच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाहीतर आकाशवाणीत झालेली, बिऱ्हाड मयूर विहारात किंवा नोएडाच्या एखाद्या सेक्टरात, आणि मराठीत अधूनमधून एक ‘जी’ शिरलेला. मंडळाच्या लेखी ते ‘साउंडवाले काका’. स्वतःच्या लेखी मात्र ते बिटचे पालक. बिट म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक. पुतणीसाठी आलेला मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे म्हटल्यावर काकांनी पगार विचारला नाही. “बिट काळी असते की चकचकीत?” एवढंच विचारलं. मुलगा म्हणाला, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

समोर ऐकणारा असला की काका कल्हईपासून सुरुवात करतात. “आजीच्या पातेल्याला कल्हई का लावायचे? कथलाने तांबं झाकायचं म्हणून. बिटलाही तेच जी!” आत तांबं, कारण ते उष्णता झटकन पोचवतं. तांबं कथलात विरघळतं, म्हणून वर लोखंडाचा पातळ मुलामा. आणि तापलेलं लोखंड हवा लागली की काळं पडतं, म्हणून त्यावर कायम कथलाचं पांघरूण. लोखंड उघडं राहिलं की टोकावर ऑक्साइडची पापडी धरते. मग कथील चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतं. ६३-३७चं कथील-शिसं वितळतं १८३ अंशांना. तरी आयर्न सदानकदा ४५० वर ठेवणाऱ्या एका पोराशी काकांनी अख्खा गणेशोत्सव अबोला धरला होता.

त्यांचा खरा शत्रू पॉलिश पेपर. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात दुकानदार सहज बोलून गेला, “अंकल, काली पड़ गई तो रेगमाल मार दो.” काका काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. “भैया, ये नंगा तांबा नहीं है. ऊपर लोहे की परत है. एक बार घिसी, तो बिट गई.” मागे गिऱ्हाइकांची रांग वाढत गेली. साध्या तांब्याच्या जुन्या बिटला कानस लावावीच लागायची, हे काका मान्य करतात, पण खालच्या आवाजात.

घरी आणखी तऱ्हा. स्पंज भिजवायचा, पण पिळून, नुसता ओलसर. नोएडाचं पाणी जड, त्याचे क्षार बिटवर बसतात, म्हणून स्पंजला आरओचं पाणी. पाहुण्यांना तेच मिळेल याची खात्री नाही. खिशात बिट उजळायच्या पेस्टची चपटी डबी असते. काकूंनी सुरुवातीला ती तंबाखूची समजून दोनदा फेकून दिली.

आणि मग आरतीच्या वेळी माइकची वायर तुटते. ती तुटतेच. काका पेटी उघडतात आणि किंचाळतात. कुणीतरी रात्रभर आयर्न चालू ठेवलेलं, बिट कोळशासारखी. “काका, एकच टाका मारायचाय,” सेक्रेटरी हात जोडतात. “या बिटने? गणपतीसमोर?” काका उष्णता कमी करतात. राळवालं कथील भरपूर लावायचं, पितळी तारेच्या घासणीत टोक खुपसायचं, पुन्हा कथील, पुन्हा घासणी. दाद देईना, तेव्हा डबी निघते. पेस्टमध्ये टोक बुडवताच धूर उठतो. पहिल्या रांगेतल्या आजींना वाटतं धूप लागला, त्या डोळे मिटून हात जोडतात. एव्हाना आरती माइकवाचून सुरू होऊन संपलेली असते. प्रसादाचे द्रोण फिरत असतात.

शेवटी बिट लखलखते. काका ती ट्यूबलाइटखाली धरून चारही बाजूंनी दाखवतात, लहान मुलांना जवळ बोलावून दाखवतात. मग टोकावर कथलाचा जाड थेंब चढवतात आणि स्विच बंद करतात.

“काका, वायर?”

“उद्या. गार करताना कथील ठेवायचं असतं, ते ठेवलंय. आता पुसून पुन्हा तापवू? वेडेबिडे आहात काय जी?”