नीटला मराठी नसतं

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेही विज्ञान शाखेला. नांदेडात हे सांगितलं की समोरचा माणूस दहाव्याला आल्यासारखा आवाज खाली आणून विचारतो, "मग पोरं येतात का हो वर्गात?"

येतात की. तोंडी परीक्षेला येतात, हॉलतिकीट न्यायला येतात. एरवी ती श्यामनगरात नाहीतर लातूरच्या ट्यूशन एरियात असतात. त्यांचं गणित चोख आहे. नीट 720 गुणांची, त्यात मराठी शून्य. बारावीला मराठी 100 गुणांची, त्यातले 20 तोंडीचे, ते माझ्याच हातात. पास व्हायला लागतात 35. म्हणजे ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतच्या मराठीकडून त्यांना हवेत ते 15 गुण. "टेन्शन घेऊ नका सर, तुमचा विषय काढून घेतो आम्ही," असा धीर तेच मला देतात.

मध्यंतरी शिक्षकांनी सकारात्मक कसं राहावं याचं प्रशिक्षण झालं. वक्ते म्हणाले, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, 'मी उत्तम शिक्षक आहे.' हा उपाय मी नोकरी लागल्यापासून करतोय. अडचण इतकीच, की आरसा सोडून कोणी दुजोरा देत नाही.

माझा खरा जीव अडकलाय तो निकालानंतरच्या होर्डिंगांत. स्कूटर बाजूला लावून मी ती सावकाश वाचतो. वरच्या पट्टीत नेते. त्यांच्याखाली कोट घालून, हाताची घडी घालून क्लासचे संचालक. मधे गुणवंत, प्रत्येकाच्या हनुवटीखाली गुण. तळाला फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, बायोलॉजीचे सर, त्यांच्याही हाताच्या घड्या. या शहरात शिकवणाऱ्याचे हात मोकळे कधी असतात, हे होर्डिंगावरून कळत नाही. मराठीचे सर मला अजून कुठल्याच फ्लेक्सवर दिसलेले नाहीत. 'हार्दीक अभिनंदन' मात्र दिसतं. त्यातली दुसरी वेलांटी मनातल्या मनात पहिली करून मी स्कूटरला किक मारतो. तरीही घडी घातलेला एक फोटो मी स्टुडिओत जाऊन काढून ठेवलाय. ऐनवेळी धावपळ नको.

मग मी इतिहासाचा आधार घेतो. लातूर पॅटर्न ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेला, ते 1970 सालचं. तिथले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. 1994 मध्ये नांदेडला विद्यापीठ झालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. म्हणजे मूळपुरुष आमच्याच भावकीतला! हे मी बायोलॉजीच्या सरांना दर जूनमध्ये ऐकवतो. तेही दर जूनमध्ये घड्याळ बघतात. आणि नरहर कुरुंदकर? इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेला हा माणूस पुढे याच शहरात पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. आज त्यांचा फोटो लावायचा म्हटलं, तर हनुवटीखाली गुण कोणते छापणार?

परवा मुखेडकडचा एक पोरगा स्टाफरूमच्या दारात घुटमळत होता. हॉस्टेलवर राहतो. हातात रजेचा अर्ज. 'महोदय'पासून 'आपला आज्ञाधारक'पर्यंत सगळं जागेवर होतं, फक्त कारणाची ओळ खोडून खोडून फाटली होती.

"काय झालं रे?"

"काही नाही सर. घरची आठवण यायली."

"मग तेच लिही."

"ते कारण चालत नाही सर तिथं."

बापानं पडत्या भावात सोयाबीन विकून फी भरलेली. त्यामुळे पोराला रडायचीही चोरी. आम्ही मोठ्यांनी मिळून सोळा वर्षांच्या पोराला गतीचे तिन्ही नियम पाठ करायला लावले आणि 'मला घरी जायचंय' एवढं वाक्य त्याच्याकडून काढून घेतलं. 'सकारात्मक राहा' हे याला कोणी सांगायला गेलं असतं, तर मी त्या माणसाला स्टाफरूमबाहेर काढलं असतं.

आम्ही दोघं बसलो. पोटदुखी मी सुचवली, त्याला पटली नाही. शेवटी त्यानं स्वतःच लिहिलं: 'आई एकटी आहे आणि मलाही करमत नाही.' मी फक्त एक वेलांटी सुधारली. रजा मिळाली. रेक्टरनं विचारलं, "कोणी लिहून दिलं?" पोरगा म्हणाला, "मीच लिहिलं. मराठीच्या सरांनी शिकवलं." हे कळल्यापासून मी आरशासमोर उभं राहणं सोडून दिलंय. वेळच मिळत नाही, कारण घरी-दारी ही हकिकत सांगत सुटलोय.

आता माझ्या तासाला मागच्या बाकांवर गर्दी असते. प्रत्येकाच्या वहीत अर्ज. त्यातले काही सरळसरळ सिनेमाचे असतात. ते मी भाषेवरून ओळखतो. 'असह्य वेदना' लिहिणारा पोरगा कधी घरी जात नसतो. त्यालाही मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून देतो. तपासणीला येणारे साहेब बाकांवरची डोकी मोजतात, अर्जातली कारणं कुठं वाचतात?