खऱ्या लग्नाचं खोटं दप्तर
वाशीतल्या एका इमिग्रेशन सल्लागारास खुलं पत्र

महाशय,

तुमच्या ऑफिसात सगळे तुम्हाला ‘सर’ म्हणतात. सर म्हणवून घ्यायचं तर काहीतरी शिकवावं लागतं. तुम्ही आमच्या पोरीला शिकवलंत ते एवढंच, की खरं सांगून काम होत नाही.

तुमचं नाव या पत्रात नाही. ते तक्रारअर्जात आहे, तिथेच ते हवं. पण तुम्ही काय केलंत हे वाशी-नेरूळपासून खारघर-पनवेलपर्यंत लोकांना कळायला हवं. लग्न होऊन मुलगी इथे आणि नवरा टोरांटोकडे, अशी घरं आता आमच्या नात्यागोत्यात जागोजागी आहेत, आणि त्यातली बरीच तुमच्यासारख्यांच्या काचेच्या दाराशी जाऊन थांबतात.

मी त्या मुलीची आत्या. हे लग्न जुळताना मी पाहिलं आहे. तिच्या मावशीने स्थळ आणलं. मुलगा ब्रॅम्प्टनहून सुट्टीवर आला, माझ्या भावाच्या नेरूळच्या घरी चहापोहे झाले, पत्रिका जुळल्या. मग साखरपुड्यापर्यंत दोघं रोज रात्री फोनवर बोलत राहिली, कारण तिकडे तेव्हा त्याची कामाची वेळ सुरू व्हायची असायची. पनवेलच्या कार्यालयात दोन्हीकडच्या माणसांसमोर सप्तपदी झाली. या लग्नात लपवण्यासारखं तिळभर काही नव्हतं. जे घडलं ते नीट मांडून द्यायचं, एवढंच काम तुमच्याकडे दिलं होतं.

नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला स्पॉन्सर करताना आयएमएम ५५३२ हा फॉर्म भरावा लागतो. पहिल्यांदा कुठे भेटलात, ओळख कोणी करून दिली, लग्नाला कोण कोण होतं, असं त्यात बारकाईने विचारलेलं असतं. हे कुतूहल नव्हे. मुळात खरं नसलेलं किंवा प्रामुख्याने कायम रहिवास (पीआर) मिळावा म्हणून केलेलं लग्न कॅनडाचा नियम मानत नाही, आणि खरंखोटं पारखायला अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यापाशी कागदाखेरीज फारसं काही नसतं. म्हणून त्या फॉर्ममधलं प्रत्येक उत्तर म्हणजे त्या दोघांनी आपल्या लग्नाची दिलेली साक्ष असते. ती साक्ष तुम्ही परस्पर बदललीत.

‘ठरवून केलेलं लग्न तिकडे पटत नाही,’ असं तुम्ही तिला सांगितलंत. कोणी सांगितलं तुम्हाला? त्याच फॉर्ममध्ये ओळख करून देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायला जागा आहे. भारतातून असे अर्ज वर्षानुवर्षं जात आहेत. मावशीने आणलेलं स्थळ म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला पुरतं ठाऊक आहे. तुम्ही मावशीला पुसून टाकलंत. ऑनलाइन ओळख, मग प्रेम, मग मरीन ड्राइव्हवर अंगठी, अशी कथा घातलीत. ज्या महिन्यात अंगठी घातल्याचं लिहिलंत त्या महिन्यात आमचे जावई भारतात नव्हते. त्यांच्या पासपोर्टची पानं, शिक्क्यांसकट, तुम्हीच त्याच अर्जाला जोडली होतीत. खोटं बोलतानासुद्धा तुम्ही समोरचा कागद वाचला नाहीत, इतकी तुम्हाला या दोघांच्या आयुष्याची किंमत.

फोटोंचं तेच. अर्जासोबतच्या कागदपत्रांच्या यादीत २० फोटोंची मर्यादा आहे. हळदीचे, दोन्ही आज्या एका सोफ्यावर बसलेल्या, जावयाच्या घरी मुलगी माप ओलांडताना, असे फोटो तिने निवडून दिले होते. ते तुम्ही काढलेत. त्याऐवजी जावई परत जायच्या आधी दोघांना खारघरच्या सेंट्रल पार्कात नेऊन, कपडे बदलायला लावून, वेगवेगळ्या दिवसांचे भासतील असे फोटो काढवलेत. खऱ्या नवराबायकोला नवराबायकोचा अभिनय करायला लावलात तुम्ही.

आता अर्जातल्या एका खुणेबद्दल. लग्नाच्या आधी तिने मैत्रिणीकडे जाण्यासाठी कॅनडाचा पर्यटक व्हिसा मागितला होता आणि तो नाकारला गेला होता. हे तिने तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं, नकाराचं पत्रही दिलं. अर्जात प्रश्न सरळ आहे: याआधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का? तुम्ही ‘नाही’वर खूण केलीत. व्हिसा नाकारला जाणं हा गुन्हा नाही. शिवाय तो नाकारणारं सरकार आणि हा अर्ज वाचणारं सरकार एकच आहे, नोंद त्यांच्याच संगणकात आहे. ‘हो’ लिहून दोन ओळी खाली कारण दिलं असतं तर ती बाब तिथेच संपली असती. ‘नाही’ लिहिल्यावर ती कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली जाते. त्या कलमाने खोटी किंवा दडवलेली माहिती पकडली गेली तर पाच वर्षं दार बंद होतं. २०१४ पर्यंत ही बंदी दोन वर्षांची होती, ती वाढवली ती तुमच्यासारख्यांच्या करामतींना कंटाळूनच असणार.

आणि पगारपत्रकं! बायकोला स्पॉन्सर करायला मोठं उत्पन्न दाखवावं लागतं, जावयांचा पगार कमी पडतो, असं सांगून तुम्ही माझ्या भावाकडून वेगळे पैसे उकळलेत आणि कुठल्याशा कंपनीच्या लेटरहेडवर पगार फुगवून आणलात. नियम असा आहे की, क्यूबेक सोडून बाकी कॅनडात, पती किंवा पत्नीला बोलावताना सहसा किमान उत्पन्नाची अटच नसते. स्पॉन्सर अपंगत्वाव्यतिरिक्त इतर कारणाने सरकारी आर्थिक मदतीवर नसावा, दिवाळखोर नसावा आणि त्याने तीन वर्षं जोडीदाराच्या गरजांची जबाबदारी लेखी घ्यावी. म्हणजे ज्या कागदाची कोणी मागणीच केली नव्हती, तो तुम्ही खोटा बनवलात, विकलात आणि एका प्रामाणिक मुलाच्या नावावर जोडलात. हे लिहिताना मला राग येतोच, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते जावयांचं. रात्रपाळ्या करून मिळवलेला त्यांचा खरा पगार पुरेसा होता, आणि तुम्ही त्यांना तो अपुरा वाटायला लावलात.

दडवलेल्या आणि बनवलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब मी मांडून पाहिला. मावशी, जुना नकार, खरा पगार. यातल्या एकानेही अर्ज अडला नसता. अडला तो तुमच्या दुरुस्त्यांनी.

दप्तर जमवणं सोपं असतं असं मी म्हणत नाही. पण ते कोणी जमवलं? आमच्या मुलीने. लग्नाची नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने होते. सासरचं घर खारघरला, म्हणून पनवेल महापालिकेकडे जावं लागलं. नोंदणीच्या ज्ञापनावर दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. गुरुजी तेव्हा पंढरपूरला होते, तर ही त्यांच्या परतीची वाट पाहत बसली. जन्मदाखल्यावर नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं होतं, तिथे नाव चढवून घेतलं. पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा, आधार सासरच्या, आणि जन्मदाखल्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. वडिलांचं नाव मधे घालण्याची आपली रीत त्या फॉर्मच्या दोन चौकटींत बसत नाही, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र केलं. मराठी कागदांचा इंग्रजी अनुवाद घरच्यांनी केलेला चालत नाही, तो शपथपत्रासह बाहेरून करून घेतला. पोलिसांच्या दाखल्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्र झालं, मग हवालदार घरी येऊन शेजाऱ्यांशी बोलून गेला. हे सगळं तिने नोकरी सांभाळून केलं, आणि प्रत्येक कागद खरा होता. ते स्वच्छ दप्तर तिने तुमच्या टेबलावर ठेवलं. ३० एप्रिल २०२४ ला शुल्क वाढलं तेव्हा सरकारची सगळी रक्कम बायोमेट्रिक सोडून १२०५ कॅनेडियन डॉलर झाली. तुम्ही एकट्याने घेतलेले पैसे त्याहून जास्त होते, आणि ते घेऊन तुम्ही भर घातलीत ती फक्त खोट्याची.

अर्जाच्या खात्याला तुम्ही स्वतःचा ई-मेल दिलात. ‘सगळं आमच्यावर सोडा’ म्हणालात. परिणाम असा की, अधिकाऱ्याचं पत्र आलं ते तुमच्या इनबॉक्समध्ये. निर्णयाआधी बाजू मांडण्याची संधी देणारं ते पत्र होतं. मरीन ड्राइव्ह, पगारपत्रक आणि तो ‘नाही’, तिन्हीबद्दल त्यात खुलासा मागितला होता, आणि उत्तराला मुदत होती. तुम्ही ते वाचलंत आणि गप्प बसलात. मुलगी फोन करत होती, तुमची रिसेप्शनवरची बाई ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत होती. शेवटी जावयांनी तिकडे माहितीच्या अधिकाराखाली फाइलच्या नोंदी मागवल्या, तेव्हा घरातल्या कुणी न घडलेली ती प्रेमकथा पहिल्यांदा वाचली. स्वतःच्या लग्नाची हकीकत परक्याने लिहिलेली वाचताना त्या मुलीचा चेहरा मी पाहिला आहे. ‘आत्या, ही मी नाहीच,’ एवढंच ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, सही तिची होती. हो, सही तिची होती, आणि कायदाही तेच म्हणतो: अर्जात जे आहे त्याला अर्जदार जबाबदार, भरला कोणीही असो. हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणून तर तुम्ही कुठल्याच कागदावर दिसत नाही. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याचं नाव प्रतिनिधी म्हणून आयएमएम ५४७६ वर लिहावं लागतं. तुम्ही तो फॉर्म भरलाच नाहीत, कारण भरता आला नसता. कॅनडाच्या कायद्याच्या कलम ९१ नुसार मोबदला घेऊन हे काम करण्याचा अधिकार फक्त तिथल्या विधिसंस्थांचे सदस्य वकील आणि पॅरालीगल, क्यूबेकचे नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक यांनाच आहे. ते कॉलेज नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं आणि परवानाधारकांची यादी त्याच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. तुमचं नाव तिथे नाही. भिंतीवर मेपलचं पान आणि चौकटीतली प्रमाणपत्रं आहेत, पण ती तुम्ही हजर राहिलेल्या सेमिनारांची आहेत. पंजाबने २०१२ सालीच अशा दुकानांसाठी परवान्याचा कायदा केला. आमच्या बाजूला तुमच्या दारात येऊन परवाना विचारणारं कोणी आलं नाही, आणि त्या मोकळीकीत तुम्ही दुसरी शाखा उघडलीत.

सध्या काय स्थिती आहे, तेही ऐका. अधिकाऱ्याच्या पत्राचं उत्तर त्या दोघांनी स्वतः लिहिलं आहे, उशिरा का होईना. मावशीचं पत्र, कार्यालयाची पावती, विमानाची तिकिटं आणि खरी पगारपत्रकं जोडली आहेत. अर्ज फेटाळला गेलाच, तर जोडीदाराच्या बाबतीत खोट्या माहितीच्या ठपक्यावरही स्पॉन्सरला अपील करता येतं. जावई ते करणार आहेत. त्यात किती काळ जाईल सांगता येत नाही. तोवर मुलगी सासरी खारघरला, नवरा ब्रॅम्प्टनला. सोसायटीत बायका विचारतात, ‘अजून इथेच?’ काहींच्या डोळ्यांत त्याच्या पुढचा प्रश्न दिसतो, की लग्नात काही गडबड आहे का. परदेशात फसवून टाकून दिलेल्या बायकांच्या बातम्या लोकांनी वाचलेल्या असतात. तो संशय तिच्या नवऱ्यावर येतो, ज्याने काहीही केलेलं नाही. पैसे परत मिळतील कदाचित. पण एका चांगल्या मुलाकडे त्याच्याच सोसायटीत वळलेल्या त्या नजरा कशा परत घ्यायच्या, ते सांगा.

तक्रार दोन ठिकाणी आहे: भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीची आणि खोट्या कागदांची पोलिसांकडे, आणि सदोष सेवेची ग्राहक आयोगाकडे. मिटवून घेऊ म्हणून तुमच्या माणसाचा फोन येऊन गेला. मिटणार नाही. लग्नाचा मूळ दाखला, जन्मदाखला आणि ते नकारपत्र तुमच्या कपाटात आहे, ते या आठवड्यात घरी पोहोचवा. त्या ई-मेलचा पासवर्ड द्या. पगारपत्रक कुणाकडून छापून आणलंत ते लिहून द्या.

आणि त्याच कपाटात इतर मुलींच्या फायली आहेत. त्यांतल्या काहींत तुम्ही असेच ‘नाही’ लिहून ठेवले असतील. निर्णय व्हायच्या आधी अर्जदाराला स्वतःहून चूक कळवता येते, तिथल्या इमिग्रेशन विभागाचा वेब फॉर्म त्यासाठीच आहे. त्या मुलींना फोन करा आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवा. तुम्ही करणार नाही असं धरून मी त्यांनाच सांगते: पोरींनो, आज जा, अर्जाच्या खात्याचा ई-मेल स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि पाठवलेला अर्ज पहिल्या पानापासून वाचून काढा.

एक आत्या,
नेरूळ, नवी मुंबई