मात्रा एक घर पुढं

आमच्या मामांच्या थोरल्या पोराचा बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत पिंपरीच्या एका गृहस्थांच्या हाती लागला आणि त्यांनी चक्क होकार कळवला. दोन वर्षांत एकोणीस नकार पचवलेल्या घरात हा होकार कुणाला खरा वाटेना. मामांनी फोन स्पीकरवर टाकला, घरातल्या सगळ्यांना गोळा केलं. पाहुणे म्हणाले, "रविवारी येतो. एक्स्प्रेसवेनं येऊ की जुन्या हायवेनं?"

मामा म्हणाले, "कसंबी या. फकस्त बीडवरून वळा."

पलीकडं बराच वेळ काही ऐकू येईना.

बायोडाटा इंग्रजीत होता. पाहुण्यांनी मूळ गाव वाचलं होतं 'तळेगाव'. त्यांची चूक म्हणता येत नाही. 'तेलगाव'ची मात्रा एक घर पुढं सरकवा, 'ल'ला जरा पीळ द्या, की तळेगाव होतं. मात्र एवढ्याशा सरकण्यानं एकराचे गुंठे होतात, गुंठ्यांचे प्लॉट होतात, प्लॉटला तारेचं कंपाउंड पडतं आणि त्यातल्या पोराला पोरगी मिळते. आमचं तेलगाव धारूर तालुक्यातलं. बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता जिथं एकमेकांना छेदतात तो चौक, आणि जवळच 1978 साली राज्याचे उपमुख्यमंत्री झालेल्या सुंदरराव सोळंक्यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना. चौकाची गंमत अशी की चारी दिशांना जाता येतं. त्यामुळं जो तो कुठंतरी निघालेलाच असतो.

नावाच्या घोळावरून आठवलं. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. त्यांची पत्रं शेगावला जायला लागली, म्हणून 1940 मध्ये सेगावचं नाव बदलून सेवाग्राम केलं. देशाला खेड्याकडं चला म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्या खेड्याचं नाव टपालासाठी बदलावं लागलं, तिथं आमच्या मामांची काय कथा! मामांनी त्या रात्री मला विचारलंच, "बायोडाट्यात नुसतं तळेगावच टाकलं तर? कुठं कोण तपासायलंय?"

या विषयावर मी घरातला तज्ज्ञ मानला जातो. दर 2 ऑक्टोबरला 'खेडी वाचली पाहिजेत' असा एक लेख मी कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरून लिहितो. खेड्यांची पूजा बांधणाऱ्यांना डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत चांगलंच झाडलं होतं, त्यावर 14 एप्रिलला लिहितो. दोन्ही लेखांचं मानधन सारखंच येतं, त्यामुळं माझं स्वतःचं मत काय आहे ते अजून ठरवायची पाळी आली नाही.

पाहुणे रविवारी आले. गाव चुकलं असलं तरी बायोडाट्यातल्या दोन ओळी खऱ्या होत्या : नोकरी चाकणला आणि शेती आठ एकर. हल्ली एवढ्यावर तीनशे किलोमीटर गाडी मारायला लोक तयार होतात. एकाच माणसाकडं दोन्ही असावं अशी अपेक्षा असते, म्हणजे शेत हवं पण शेतकरी नको.

आता ती चाकणची नोकरी सांगतो. कंपनीच्या गेटवर पोराचं नाव कंत्राटदाराच्या यादीत आहे. राहायला कॉट बेसिस. हा दिवसपाळीला गेला की रातपाळीचा गडी येऊन त्याच कॉटवर पडतो, गादी एकच, पांघरूण ज्याचं त्याचं. पुण्यात त्याची जागा म्हणजे सहा फूट बाय अडीच फूट, तीही बारा तास. इकडं गावात आठ एकर मोकळं पडलंय आणि सप्टेंबरच्या पुरात त्यातलं सोयाबीन कुजून गेलं. तरी दिवाळीला तो घरी आला की गल्लीतली पोरं त्याच्याभोवती जमतात. 'पुण्याला असतो' हे वाक्यच असं आहे की त्याच्या पुढं कुणी 'म्हणजे कुठं?' असं विचारत नाही.

पोहे आले. पाहुण्यांनी खुर्ची पुढं ओढून तपासणी सुरू केली. दवाखाना? धारूरला, मोठं काही असलं तर अंबाजोगाईला. रेल्वे? इथं मामा खुलले. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी गाडी बीडपर्यंत आलीसुद्धा. "आता परळी कितीशी लांब?" मामा म्हणाले. पाहुण्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि विषय बदलला.

"पाणी?"

"धरण हाय की माजलगावचं. जवळच."

"नळाला कितव्या दिवशी येतं?"

मामांनी पोह्यातला शेंगदाणा निवडला. तो चावून होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग पाहुणेच खाली मान घालून म्हणाले, "आमच्याकडं पिंपरी-चिंचवडला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआडच आहे म्हणा."

"म्हंजी आमच्यासारखंच की!" मामा केवढ्यानं तरी हसले. पाहुणेही हसले. दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत हे त्या क्षणी ठरलं.

पाहुण्यांना मात्र एक गोष्ट कळेना. एवढा चौक, एवढी वर्दळ, कारखाना, मग हे शहर का नाही? मी घसा साफ केला. जनगणनेच्या हिशेबात नगरपालिका नसलेलं गाव शहर ठरायला तीन कसोट्या लागतात : लोकसंख्या किमान 5,000, दाटी दर चौरस किलोमीटरला किमान 400 आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर कामाला.

"फक्त पुरुष?" नवऱ्या मुलीनं विचारलं. ती बराच वेळ मोबाईल बघत होती, असं आम्हाला वाटत होतं.

फक्त पुरुष. म्हणजे गावातले सगळे बाप्ये चौकात पानटपरी, गॅरेज, चहाचा गाडा टाकून बसले आणि सगळ्या बाया सकाळी सहापासून रानात वाकलेल्या असल्या, तरी गाव शहर व्हायला हरकत नाही. गाव शहर झाल्याचं त्या बायांना रानात जाऊन कुणीतरी सांगावं लागेल, एवढंच. 1 मार्च 2027 ला पुढची मोजणी गाठायची आहे, तेव्हा बघू. मामी आतून म्हणाल्या, "माझं खुरपं कंच्या खान्यात लिवतेत इचारा." मामांनी चहा मागवून तो प्रश्न मिटवला.

या मामींमुळंच आमच्या घरातला एक मोठा कार्यक्रम बुडाला आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. आम्हाला नवरी द्या, अशी मागणी. ते टीव्हीवर बघून मामांना स्फुरण चढलं, बीडलाही असा मोर्चा काढायचा. घोडे किती लागतील याचा हिशेबही झाला. मामी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आन् पोरी कुठं गेल्या, त्याचा मोर्चा कधी?"

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं मुली होत्या 807. राज्यात सगळ्यात कमी. तेव्हाच्या त्या हजारांना आता कुठं मिसरूड फुटतंय. म्हणजे मामा आज ज्याला टंचाई म्हणतात ती नुसती सुरुवात आहे, खरे घोडे पुढंच लागणार आहेत. मामांच्या स्वतःच्या लेकीसाठी बारा एकर बागायतीचं स्थळ आलं होतं हेही इथं सांगून टाकतो. मामांनी नाकारलं. पोरीनं काय शेणाच्या पाट्या उचलायच्या? ती हडपसरला दिली.

बैठक तीन तास चालली. अटी पाहुण्यांच्या : लग्न पुण्यात, राहणं पुण्यात, सणावाराला गाव आणि पत्रिकेत मूळ गाव बारीक अक्षरांत. शिवाय कॉट चालणार नाही, फ्लॅट पाहिजे. मामांनी दोन एकर काढायचं कबूल केलं. अशा रीतीनं तेलगावचे ऐंशी गुंठे वाघोलीच्या पाचव्या मजल्यावर चढतील, हप्ते वीस वर्षं उरतील आणि शेती आठाची सहा झाली तरी बायोडाटा छापून झालेला असल्यानं कुणाचं काही बिघडणार नाही.

संध्याकाळी पुण्याची ट्रॅव्हल्स पकडायला मी चौकात आलो. मामाही आले, पण माझ्यासाठी नव्हे. मामा मुकादम आहेत हे सांगायचं राहिलंच. त्यांच्या वहीत चाळीस कोयते आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : नवरा आणि बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळी झाली की निघायचं, सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, उचलीची गरज मात्र कुणाची कमी झालेली नाही. गावातच कारखान्याचं धुराडं उभं असताना इथली माणसं सांगली-कोल्हापूरकडं, पार कर्नाटकात का जातात, असं पाहुण्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बरं झालं, ते लवकर निघाले.

ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या लागल्या होत्या. कोपीचे बांबू, ताडपत्री, ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, दोन शेरडं, एका पिंजऱ्यात कोंबड्या, या सगळ्यावर माणसं. एक बाई खाली उभी राहून आधी पोरगं वर देत होती, मग पाण्याची घागर. पोराच्या पाठीवर दप्तर होतं. मामा वही घेऊन एकेक नाव ओरडत होते. आपल्या एका पोरानं कुठं राहावं हे दोन वर्षं न ठरवू शकलेला माणूस ऐंशी जणांचं बिऱ्हाड पाच मिनिटांत ठरवत होता.

लेखासाठी एखादं वाक्य मिळावं म्हणून मी त्या बाईला विचारलं, "मावशी, गावात राहणं बरं की शहरात?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग चाकावर पाय ठेवून वर चढता चढता म्हणाली, "मुकादमाला इचारा. वही त्यांच्याकडं हाय."

ट्रॉल्या धारूरच्या घाटाकडं वळल्या. माझी ट्रॅव्हल्स आली, क्लीनर दारातून अर्धा बाहेर लटकत "पुणे पुणे पुणे" करत होता.

"सीट का स्लीपर?" त्यानं विचारलं.

मी स्लीपर म्हणालो. स्लीपर फुल होती.