खुराचा ठसा

नंदुरबार जिल्ह्याच्या कोरडवाहू शिवारात हरणांचे कळप कोवळ्या कापसाचे, आणि पुढे हरभऱ्याचे, शेंडे ज्या निःस्पृह अलिप्ततेने खुडून जातात, ती पाहता कायद्यावर इतका अढळ विश्वास असलेला रयतवर्ग अन्यत्र सापडणे दुर्घट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हरणाला अभय दिले; शेतकऱ्याला अर्ज दिला. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत त्याने जवळच्या वनाधिकाऱ्यास वर्दी द्यावी, सातबाऱ्याचा उतारा जोडावा, आणि पंचनामा होईतो शेंडेच नसलेल्या पिकाची इमानेइतबारे राखण करावी, ही व्यवस्था मला तरी निर्दोष वाटते.

उणीव एकच. खाणाऱ्याचा जबाब घेतला जात नाही! तरी कळपाच्या मुख्याने तलाठ्याच्या सज्जावर जातीने हजर राहून, किती भक्षिले याची कबुली दोन पंचांसमक्ष खुराच्या ठशानिशी द्यावी, अशी तजवीज सरकारने फर्मावावी. हरीण मुदतीत येईल, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. सज्जाचे कुलूप उघडे असेल काय, एवढीच धाकधूक.

तोवर शेतकरी बंधूंस विनंती, की जागलीला जाताना कंदील मंद ठेवावा; सरकारी पाहुण्यांच्या भोजनात व्यत्यय येतो.