अपडेटेड पप्पा

जळगावातल्या मेहरूणच्या कुठल्याही गल्लीत जा, एखादा तरी अपडेटेड पप्पा ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेला सापडेलच. पोरं कशी वाढवावीत, हा त्याचा हातखंडा विषय. वाढवण्याचं काम आई-आजीकडे, विषय याच्याकडे.

"पोराला मारायचं नाही भो, मेंदूवर परिणाम होतो," असं सोमवारी तो कळवळून सांगतो. गुरुवारी दुसरं रील आलेलं असतं. "आपल्याला बापानं बोरीच्या फोकानं झोडपलं, बिघडलो का आपण?" मेहरूणच्या बोरांचं नाव लांबवर गेलं, फोकांची कीर्ती काही पाठींपुरतीच राहिली.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960च्या दशकात पालकांचे तीन नमुने सांगितले: हुकूम सोडणारे, मोकळं सोडणारे आणि शिस्त लावतानाही मुलाचं ऐकून घेणारे. बाई मेहरूणला आल्या नव्हत्या. आमचा पप्पा बट्ट्या तळून होईपर्यंत तिन्ही होऊन येतो.

म्हणून तिसरीतलं पोरगं पाढ्यांत कच्चं, पण पप्पांचा चेहरा वाचण्यात पहिलं. पेपर दाखवायचा की दप्तरातच ठेवायचा, हे ते भुवईवरून ठरवतं. तसा आठाचा पाढा येतो त्याला, पण आज चुकलं तर पापा मिळेल की फटका, हे कळेना म्हणून तोंड उघडत नाही. माझ्या मते त्याची निम्मी अक्कल मोबाइलनं नाही, या अंदाजानंच खाल्ली.

धाकटी एक वर्षाची. या वयात स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, हे पप्पाला तोंडपाठ. तो ते ऐकवत असताना आजी त्याच्याच जुन्या मोबाइलवर गाणं लावून नातीला खिचडी भरवत असते.

"आई, अशानं पोट भरल्याचं कळत नाही तिला!"

"तुले तरी कुठं कळतं? काल मोबाइल पाहू पाहू सात बट्ट्या खाल्ल्या तू."

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले, हेही त्याला रीलवरच कळलं. गावानं मिळून केलेलं काम यानं एकट्यानं अंगावर घेतलं. भोंग्याचा आवाज मोबाइलमध्येच भरला. आता रोज सातला भोंगा होतो, तो बंद करायला पप्पा मोबाइल उचलतो आणि साडेआठला खाली ठेवतो.

रविवारी मात्र मुलासाठी राखीव वेळ. मेहरूण तलावावर बापलेक जातात, कारण 'मुलासोबत निसर्गात' असं स्टेटस ठेवायचं असतं. पोरगं खडे फेकण्यात रंगलेलं.

"इकडे पाह्य ना. हास. तसं नाही, मनापासून हास!"

पोरगं हात झटकत जवळ आलं. "पप्पा, तुम्ही उन्हाकडे तोंड करून धरू राहिले. माझं तोंड काळं येईन. द्या इकडे, आणि तुम्ही जा तिथं, खडे फेका."

पप्पा गेला. पहिलाच खडा डुबकन बुडाला.

"तसं नाही," पोरगं ओरडलं, "मनापासून फेका!"