यादी संपल्यानंतरचा एजंट

नव्या विमा एजंटाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहून काढा. जबलपूरच्या सदरमधला मराठी एजंट हे काम चहा निवायच्या आत उरकतो, कारण यादी घरात तयारच असते. त्याच्या लग्नाच्या पत्रिका जिथे गेल्या, तीच ही यादी. आहेराची वही सापडली तर सोन्याहून पिवळं; ऐपत आणि दानत यांतलं अंतर त्यात रुपयांत नोंदलेलं असतं. परवान्याची वाट फार अवघड नाही : दहावी पास, २५ तासांचं प्रशिक्षण आणि आयसी-३८ नावाची परीक्षा, जिच्यात ३५ टक्क्यांना पास करतात. मग खिशात दोन पेनं येतात, काखेत बॅग येते आणि माणूस एकदम इतरांच्या जन्मतारखांत रस घेऊ लागतो. काही योजनांत वय जवळच्या वाढदिवसाने मोजतात. त्यामुळे वाढदिवसाला सहा महिने असतानाच तो दारात येऊन सांगतो, “काका, परवापासून तुम्ही एक्कावन्न. आजच सही केलीत तर पन्नासच.” स्वतःला तो स्वतंत्र व्यावसायिक म्हणवतो. कायद्याने त्याला आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि आरोग्य विम्याची एक अशाच कंपन्यांशी बांधलेलं असतं. स्वातंत्र्य म्हणाल तर ते पगार नसण्यापुरतं. लोक त्याला हसतात ते त्याच्या चिकाटीमुळे. माझ्या मते चिकाटीत काही वावगं नाही, चूक त्या यादीत आहे. ती संपेपर्यंत तो भीड विकत असतो. विमा विकायला तो नंतर लागतो.

यादी पटकन संपते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली इथून उठला. पुढे कचेऱ्या, रेल्वे आणि कारखाने यांच्या मागोमाग मराठी घरं येत राहिली, तरी हा समाज शेवटी एवढाच, की गोलबाजारच्या दत्त मंदिरात एका गुरुवारी निम्मी यादी भेटावी. शिवाय प्रत्येक घराचा एक जुना एजंट ठरलेला. १९ जानेवारी १९५६ ला चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, त्याच वर्षी सप्टेंबरात २४५ लहानमोठ्या संस्था मिळून महामंडळ झालं, आणि तेव्हापासून मराठी घरात विमा म्हणजे सरकार आणि एजंट म्हणजे आजोबांचे मित्र, हे समीकरण पक्कं आहे. नव्याच्या वाट्याला उरतात ती त्याला नाही म्हणू न शकणारी माणसं. त्यात कमिशनचं गणित असं, की वर्षानुवर्षं रूढ असलेल्या दरांत लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याचा चौथा हिस्सा मिळे आणि चौथ्या वर्षापासून पाच टक्के. म्हणजे पहिल्या हप्त्याला पेढे आणि पुढच्यांना फुटाणे. त्याची सगळी माया पहिल्या वर्षातच का उतू जाते, याचं उत्तर स्वभावात शोधायची गरज नाही. मामांनाही ते उमगलेलं असतं. “घरचाच आहेस, पहिला हप्ता तूच भर,” असं ते सुचवतात. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानुसार कमिशनमधून ग्राहकाला अशी सूट देणं आणि त्याने ती घेणं, दोन्ही गुन्हा आहे. दंड दहा लाखांपर्यंत. कायदा मामाभाचे ओळखत नाही आणि मामा कायदा ओळखत नाहीत. भिडेने घेतलेल्या पॉलिसीचे दोन हप्ते जातात, तिसऱ्याला मामा फोन उचलत नाहीत आणि पॉलिसी लॅप्स होते.

यावर कुणी म्हणेल, विमा हा भरवशाचा मामला. मग नात्याहून मोठा भरवसा कोणता? आक्षेप वजनदार आहे, पण नेमका हा भरवसाच नडतो. नातेवाईक फॉर्म वाचत नाही, कारण वाचणं म्हणजे अविश्वास. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करायला ३० दिवस मिळतात. पण भाच्याची पॉलिसी परत करायची, तर पुढच्या गणपतीला त्याच्या घरी मोदक कोणत्या तोंडाने खायचे? आणि खरा पेच पुढे आहे. प्रस्तावासोबत एजंटाला एक गोपनीय अहवाल द्यावा लागतो : ग्राहकाची तब्येत कशी, सवयी काय. परक्याबद्दल तो विचारून लिहितो. मामांची साखर, त्यांचं संध्याकाळचं बसणं, हे तर त्याला सगळं पाठ असतं, आणि मामी शेजारी उभ्या राहून म्हणतात, “ते कशाला लिहितोस?” तो लिहीत नाही. पहिल्या तीन वर्षांत काही झालं तर लपवलेल्या आजारापायी कंपनी दावा नाकारू शकते. मग मामी जन्मभर भाच्याचंच नाव घेतील.

यादीबाहेर सदरमध्ये कोण उरतं? हे छावणीचं गाव. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्सवाले यांची केंद्रं इथे आहेत. पण फौजींना १९७६ पासून सेनेचाच समूह विमा आहे. १९०४ च्या तोफगाडी कारखान्यात जावं, तर तिथला बाबू टपाल विम्याची पावती दाखवतो. ती योजना १८८४ ची, आपल्या एजंटाच्या पणजोबांहून थोरली. राहता राहिले बाजारातले लोक : वर्दी शिवणारे, बिल्ले आणि पट्टे विकणारे, बेकरीवाले. यांना ना पेन्शन ना समूह विमा, अंगावर कर्ज आणि पदरात लहान मुलं. गरज खरी इथे आहे, आणि भीड औषधालाही नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला माप दाखवता दाखवता विचारतो, “मरे तो कितना, न मरे तो कितना?” या सात शब्दांत जेवढा विमा आहे, तेवढा रंगीत माहितीपत्रकात सापडणार नाही. त्याला उत्तर देताना एजंटाला जन्मतारखेचा नाद सोडून उधारी, भाडं, पोरांची इयत्ता विचारावी लागते. या क्षणी विनोदी व्यक्तिचित्राचा विषय म्हणून तो थोडा निकामी होतो, हे मान्य करायला हवं.

आता शेवटचा आक्षेप : मोबाइलवर मुदत विमा स्वस्त मिळतो, मग हा हवाच कशाला? स्वस्त मिळतो हे खरं, आणि ज्याचा पगार बँकेत जमा होतो त्याने तो खुशाल तिथेच घ्यावा. वर्दी शिवणाऱ्याचं उत्पन्न मात्र वहीत असतं आणि कंपनी रिटर्न मागते. त्याला रिटर्न भरायला लावणारा, हप्त्याची तारीख दुकानात येऊन सांगणारा, लग्न झाल्यावर नॉमिनीच्या जागी आईचं नाव काढून बायकोचं घाल म्हणणारा कुणीतरी लागतो. ही शेवटची सूचना घरच्या एजंटाच्या तोंडून कधी निघायची नाही. ती आई त्याची सख्खी आत्या असते.